वाळूच्या खेपेचं भाडं विचारू नका, थांबलेल्या तासाचं विचारा

पत्र: मी मूळचा कराडकडचा. घरचे दोन ट्रक साखर कारखान्याला चालायचे. पत्नीच्या नोकरीमुळे अमेरिकेत आलो, ग्रीन कार्ड आहे, ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. क्लास ए सीडीएल, म्हणजे जड ट्रकचं लायसन, काढून दोन वर्षं झाली. सध्या एका कंपनीचा बंद डब्याचा ट्रेलर ओढतो, कर जाऊन आठवड्याला साधारण १,३०० डॉलर हातात पडतात. ओळखीतल्या एकाने पश्चिम टेक्सासात तेलविहिरींवर वाळू पोचवायचं काम सुचवलंय. माझ्या वाट्याला खेपेमागे ४५० डॉलर, दिवसाला दोन खेपा, आठवड्याचे सहा दिवस. ट्रक तीच कंपनी देणार: आगाऊ काही नाही, आठवड्याला १,१५० डॉलर हप्ता, १५६ आठवड्यांनी ट्रक माझा. दोन आठवडे काम, एक आठवडा घरी. पत्नीला धुळीची काळजी आहे, मला हप्त्याची. सही करू का?

उत्तर: या कागदावर सही करू नका. वाळूचं काम करायचंच असेल तर करा, त्याची वाट पुढे सांगतो. पण ट्रकचा हप्ता गळ्यात अडकवून ते सुरू करू नका. कारण आकड्यांतच आहे, म्हणून आधी आकडेच मांडू.

तुम्हाला सांगितलेला हिशोब असा: १२ खेपा गुणिले ४५०, म्हणजे आठवड्याला ५,४०० डॉलर. आता खर्च. खाणीपासून विहीर ६५ मैल धरली तर जाऊन-येऊन १३० मैल, बारा खेपांचे १,५६० मैल. गॅलनला साडेपाच मैल आणि उभ्या इंजिनाचं जळणारं तेल धरून साडेतीन डॉलर गॅलनच्या भावाने डिझेल सुमारे १,१०० डॉलर. ट्रकचा हप्ता १,१५०. ट्रेलर कंपनीचा असेल तर त्याचं भाडं ३५०, विमा ३७५, टायर आणि दुरुस्तीसाठी बाजूला टाकायचे मैलाला २५ सेंट म्हणजे ३९०, यंत्रं आणि कागदपत्रांची फी ५०, कंपनी अनामत म्हणून कापून ठेवते ते १००. बेरीज ३,५१५. उरले १,८८५ डॉलर, तेही कर भरायच्या आधी. हे उदाहरणाचे आकडे आहेत. तुमच्या कागदावरचे त्यांच्या जागी घाला, पण एकही रकाना रिकामा सोडू नका.

हा झाला चांगला आठवडा. आता विहिरीवर खेपेमागे चार-चार तास रांग लागली असं समजा. दिवसाला दोन खेपा बसत नाहीत, आठवड्याच्या आठच होतात. जमा ३,६००. डिझेल थोडं कमी होऊन ८३० वर येईल, टायर-दुरुस्ती २६० वर. बाकी सगळं जागच्या जागी. खर्च ३,११५. उरले ४८५ डॉलर. कायद्याने कामाचे जास्तीत जास्त ७० तास धरले तर तासाला सात डॉलरसुद्धा पडत नाहीत, आणि अमेरिकेचं संघीय किमान वेतन ७.२५ डॉलर आहे.

आणि ‘एक आठवडा घरी’ ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण हप्ता घरी येत नाही, तो चालूच राहतो. ट्रक केटीत दारात उभा असला तरी हप्ता, ट्रेलर, विमा आणि फी मिळून १,९२५ डॉलर त्या आठवड्यालाही जातात. दोन चांगल्या आठवड्यांचे ३,७७० मिळवून त्यातून हे वजा केलेत तर तीन आठवड्यांचे उरतात १,८४५. म्हणजे आठवड्याला ६१५, कर न भरता. आज तुम्हाला १,३०० मिळतात, कर भरून. मग लोक काय करतात? घरी जायचा आठवडा रद्द करतात. चार आठवडे, सहा आठवडे तिथेच. करारात कुठेही तसं लिहिलेलं नसतं, हप्ताच ते घडवून आणतो. कराडकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको: ऊसतोड टोळीने उचल घेतली की हंगाम कुणाचा होतो हे तुम्ही लहानपणापासून पाहिलंय.

१,१५० गुणिले १५६ म्हणजे १,७९,४०० डॉलर. त्याच सालाचा, तितकेच मैल चाललेला ट्रक आज बाजारात कितीला मिळतो ते एकदा पाहा. शिवाय अशा करारात एखादा हप्ता चुकला किंवा तुम्ही कंपनी सोडली, तर आधीचे सगळे हप्ते भाडं म्हणून जमा होतात आणि ट्रक परत जातो. अमेरिकी काँग्रेसने २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यानुसार नेमायला लावलेल्या ट्रक लीजिंग टास्क फोर्सने जानेवारी २०२५ मधल्या अहवालात ही लीज-परचेसची पद्धत कायद्यानेच बंद करावी अशी शिफारस केली आहे. शिफारस म्हणजे कायदा नव्हे. असे करार अजून होतात.

आता मुख्य प्रश्न: रांग का लागते? ते कळलं तरच कंपनीला काय विचारायचं ते कळेल.

पर्मियन खोऱ्यातल्या, म्हणजे पश्चिम टेक्सास आणि न्यू मेक्सिकोतल्या या तेलपट्ट्यातल्या, विहिरीचा आडवा भाग दहा हजार फूट असणं आता नेहमीचं आहे. फुटाला २,००० पौंड वाळू धरली तर एका विहिरीला दोन कोटी पौंड, म्हणजे अमेरिकी मापाने १०,००० टन. ट्रकमध्ये २४ टन बसले तर एका विहिरीच्या चारशेहून जास्त खेपा. एका जागी अशा तीन-चार विहिरी. ही वाळू पाण्याबरोबर प्रचंड दाबाने खडकात घुसवतात, तिचे दाणे फटी उघड्या धरतात. यालाच फ्रॅकिंग म्हणतात. जागेवर साठा ठेवायची सोय मात्र काही तासांपुरतीच असते. पंप बंद पडले तर प्रचंड खर्च होतो, म्हणून फ्रॅकिंग करणारी मंडळी गरजेपेक्षा जास्त ट्रक बोलावून ठेवतात. मग एखादा पाइप गळतो, तारेने विहिरीत सोडलेलं (वायरलाइनचं) हत्यार आत अडकतं, किंवा वाळू विहिरीच्या पाइपातल्या भोकांशीच दाटून दाब चढतो. पंप थांबले की वाळूचा खप शून्य आणि बाहेर वीस ट्रक उभे. तुमची वाट पाहणं ज्याला फुकट पडतं, त्याला ते कमी करायचं काहीच कारण नाही. म्हणून खेपेच्या भाड्याइतकाच महत्त्वाचा आकडा आहे हॉल्टिंगचा. इथे त्याला डिटेन्शन किंवा डिमरेज म्हणतात.

त्याबद्दल चार गोष्टी लेखी घ्या: किती तास फुकट, त्यानंतर तासाला किती, ते पैसे ग्राहकाने कंपनीला दिले तरच तुम्हाला मिळणार की तसेच मिळणार, आणि घड्याळ कुठून सुरू होतं. शेवटच्या मुद्द्यावरच बहुतेकांचे पैसे बुडतात. घड्याळ विहिरीच्या फाटकापासून सुरू होत असेल आणि तुम्हाला तीन मैल अलीकडे स्टेजिंगच्या, म्हणजे ट्रक रोखून ठेवायच्या, मैदानावर थांबवलं, तर ते तीन तास कुणाच्याच हिशोबात नाहीत. खाणीवरच्या रांगेचंही वेगळं विचारा. माल भरलेली पण वाटेत रद्द झालेली खेप, परत खाणीत नेऊन ओतायची खेप, यांचे किती, तेही विचारा.

पैसे मागायला पुरावा लागतो. खाणीच्या काट्याची चिठ्ठी, डिस्पॅच ॲपमधली पोचल्याची वेळ दिसणारा स्क्रीनशॉट, आणि सगळ्यात मोलाची म्हणजे विहिरीवरच्या वाळू समन्वयकाने आत-बाहेरच्या वेळा घालून सही केलेली पावती. ‘आत’ची वेळ सगळे घालतात, निघायच्या घाईत ‘बाहेर’ची राहून जाते आणि अर्ज फेटाळला जातो. दर खेपेला तिन्हींचा फोटो काढा आणि तारखेच्या फोल्डरमध्ये टाका. ॲपवर विसंबू नका. काम सोडलंत की त्याच दिवशी तुमचं खातं बंद होतं.

आता तासांचं. दिवसाला दोन खेपा, सहा दिवस, हे वेळापत्रक कायद्यात बसतं का? रांग नसेल तर बसतं: खाणीवर पाऊण तास, भरलेल्या गाडीने पावणेदोन, रिकामी करायला एक, परत दीड. खेपेला साधारण पाच तास. दोन खेपा आणि गाडीची तपासणी मिळून अकरा तास. संघीय नियम ११ तास गाडी चालवू देतो, तीही कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत. त्याआधी सलग १० तास विश्रांती, आणि आठ दिवसांत ७० तास. रांग लागली की १४ तास भरतात आणि दुसरी खेप अर्ध्यावर अडकते. रोज चौदा-चौदा तास गेले तर पाच दिवसांत सत्तर संपतात, सहावा दिवस उरतच नाही. तेलक्षेत्राला एक सवलत आहे: सलग २४ तास सुट्टी घेतली की सत्तरचा हिशोब नव्याने सुरू होतो, इतरांना त्यासाठी ३४ तास लागतात. ही सवलत वाळूवाल्यांना मिळते.

दुसरी सवलत मात्र मिळत नाही, आणि इथेच ड्रायव्हर फसतात. विहिरीवर वाट पाहण्याचा वेळ १४ तासांत न धरण्याची मुभा फक्त खास बनावटीची तेलविहिरीची वाहनं चालवणाऱ्या, त्यासाठी खास प्रशिक्षण घेतलेल्या ड्रायव्हरना आहे. वाळू आणि पाणी वाहणाऱ्यांना ती लागू नाही, असं संघीय मोटार कॅरियर सुरक्षा प्रशासनाने जून २०१२ मध्ये स्पष्ट लिहून ठेवलंय. तेव्हा डिस्पॅचर, म्हणजे कंपनीचा खेपा वाटणारा माणूस, फोनवर म्हणाला, ‘ऑइलफील्ड एक्झेम्प्शन लाव, ऑफ ड्यूटी दाखव’, तर तो तुमच्या लायसनवर खेळतोय. रांगेत दर दहा मिनिटांनी गाडी पुढे सरकवणारा माणूस सुट्टीवर नसतो. मागच्या केबिनमध्ये सलग सात तास झोप आणि वेगळी तीन तासांची विश्रांती अशी विभागणी नियमात बसते, पण ती खरोखर घेतली असेल तरच. टेक्सासच्या आतल्या आत चालणाऱ्या मालाला राज्याचे नियम सैल आहेत, १२ तास चालवणं आणि १५ तास काम. त्यावर फार भिस्त ठेवू नका. पश्चिम टेक्सासातल्या कर्मिट गावाजवळच्या वाळूच्या खाणींपासून न्यू मेक्सिकोची हद्द अगदी जवळ आहे, तिकडच्या ली आणि एडी काउंटीत खेप गेली की संघीय नियम लागले.

तास संपलेत म्हणून खेप नाकारलीत आणि कंपनीने काम काढून घेतलं, तर कायदा तुमच्या बाजूने आहे. जबरदस्तीची तक्रार मोटार कॅरियर सुरक्षा प्रशासनाकडे ९० दिवसांत करता येते, सूड म्हणून कामावरून काढल्याची तक्रार ओशाकडे, म्हणजे कामगार सुरक्षेच्या संघीय खात्याकडे, १८० दिवसांत. नकार फोनवर देऊ नका, मेसेजवर द्या: ‘माझे तास अमुक वाजता संपतात, ही खेप नियमात बसत नाही.’ एवढं एक वाक्य पुरतं.

वजनाकडेही नीट बघा, कारण त्यात तुमच्या ट्रकचा तोटा लपलेला आहे. गाडी, ट्रेलर, माल मिळून मर्यादा ८०,००० पौंड: पुढच्या धुरीवर साधारण १२,०००, मधल्या जोडीवर ३४,०००, ट्रेलरच्या जोडीवर ३४,०००. हलका, झोपायची केबिन नसलेला ट्रॅक्टर आणि वाळूची टाकी मिळून रिकामं वजन ३०,००० च्या आसपास ठेवता येतं, मग २४ टन निवांत बसतात. लीजवर देतात ते ट्रॅक्टर बहुधा लांब पल्ल्याचे, मोठ्या केबिनचे असतात. ३४,००० रिकामं भरलं तर २३ टनांवर थांबावं लागतं. भाडं टनावर असेल तर दर खेपेला एक टन तुमच्या खिशातून जातो. भाडं खेपेवर असेल तर खाणीवाला २४ च भरू पाहतो आणि जास्त भरल्याचा दंड कुणी भरायचा यावर वाद होतो. काटा सोडायच्या आधी चिठ्ठी वाचा. जास्त भरलं असेल तर तिथेच उपसायला लावा, रस्त्यावर आलात की ते वजन तुमचं.

तरीही करार हातात घेतलातच, तर त्यातली टक्केवारी, वजावटी, अनामत आणि विमा ही चार कलमं आधी शोधा. आंतरराज्य परवाना असलेल्या कंपनीला लीजचे संघीय नियम पाळावे लागतात. त्यानुसार खेपेची कागदपत्रं दिल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे. मोबदला भाड्याच्या टक्केवारीवर असेल तर मूळ बिलाची प्रत हिशोबाच्या वेळी किंवा त्याआधी दाखवायची. ‘७२ टक्के’ म्हणणाऱ्याला विचारा, कशाचे ७२? ग्राहकाने दिलेल्या रकमेचे, की मधल्या दलालाने आपलं काढून उरलेल्याचे? डिझेल अधिभार त्यात धरलाय का? कुठल्या वजावटी होणार ते करारातच लिहिलेलं हवं, नंतर उगवलेली वजावट चालत नाही. डिझेल, टायर, विमा कंपनीकडूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही. अनामतीचा हिशोब मागता येतो, तिच्यावर व्याज मिळतं, आणि करार संपल्यावर ४५ दिवसांत ती परत करावी लागते. वाद फक्त लवादाकडे नेण्याचं कलम बहुतेक करारांत असतं. २०१९ च्या न्यू प्राइम विरुद्ध ऑलिव्हेरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आंतरराज्य वाहतुकीतल्या ड्रायव्हरवर, मग तो स्वतंत्र ठेकेदार म्हणून नोंदलेला का असेना, संघीय लवाद कायद्याखाली ती सक्ती करता येत नाही. तरी राज्याच्या कायद्याचा आधार घेऊन कंपन्या ते कलम पुढे रेटतात, म्हणून सहीआधी कामगार वकिलाला दोन तासांचे पैसे देऊन करार वाचून घ्या. १,७९,४०० च्या व्यवहारात तो खर्च जड नाही.

१०९९ वर, म्हणजे ठेकेदार म्हणून काम केलंत तर आणखी तीन गोष्टी अंगावर येतात. पहिली, सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरचा १५.३ टक्के कर सगळा तुम्ही भरायचा. नोकरीत निम्मा कंपनी भरते. तो वर्षातून चार वेळा, १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारीला आगाऊ भरावा लागतो, म्हणून दर आठवड्याच्या उरलेल्या रकमेचा चौथा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकायची सवय हवी. घरापासून दूर मुक्काम असेल तर जेवणखर्चाचा ८० टक्के भाग उत्पन्नातून वजा करता येतो, एवढाच काय तो दिलासा. दुसरी, पगार बुडाला तर टेक्सास वर्कफोर्स कमिशनकडे १८० दिवसांत जाण्याची सोय नोकरांना आहे, ठेकेदाराला नाही. तिसरी सगळ्यात गंभीर. टेक्सासात खासगी मालकाला कामगार भरपाई विमा घेणं बंधनकारक नाही. ठेकेदाराला तर सहसा स्वतःच्या पैशाने अपघात विमा घ्यायला लावतात, त्यात उपचाराच्या रकमेला आणि मुदतीला मर्यादा असते. टाकीवरून पडून पाठीचा मणका दुखावला तर दोन वर्षांनंतरचं ऑपरेशन कोण करणार, हे त्या पॉलिसीत शोधा.

म्हणून वाट ही: याच खोऱ्यात कंपनीच्या ट्रकवर, डब्ल्यू-टू, म्हणजे पगारी नोकरी म्हणून तीन महिने काम करा. टक्केवारी कमी असेल, पण टायर फुटला तर तो कंपनीचा. पांढऱ्या खडीच्या त्या कॅलिची रस्त्यांवर जोडचाकांत दगड अडकून टायर फुटणं आठवड्याचंच असतं. विचारा: रांगेचे पैसे तासावर किती, पंप बंद असलेल्या दिवसाला किमान रक्कम आहे का, राहायची खोली कुणाची आणि तिचे पैसे कापता का, कामगार भरपाई विमा आहे का. ओव्हरटाइमची आशा धरू नका. आंतरराज्य माल वाहणाऱ्या ड्रायव्हरला संघीय कायद्यातली दीडपट लागू होत नाही, किमान वेतन मात्र लागू होतं. या तीन महिन्यांत रोजच्या खेपा आणि रोजचे थांबलेले तास वहीत लिहा. ही वही म्हणजे तुमच्या स्वतःच्या ट्रकचा खरा प्रकल्प अहवाल.

आणि तीन वर्षं बांधून घेण्याआधी खोऱ्यातलं काम कुठे चाललंय तेही पाहा. २०१७ पर्यंत ही वाळू विस्कॉन्सिनकडून रेल्वेने यायची. मग कर्मिट-मोनाहान्सच्या टेकड्यांतच खाणी निघाल्या आणि रेल्वेचं अंतर गेलं. २०२५ च्या सुरुवातीला कर्मिटपासून न्यू मेक्सिकोत ४२ मैल जाणारा डून एक्सप्रेस हा वाळू वाहून नेणारा सरकता पट्टा सुरू झाला. त्याच्या टोकापासून विहिरीपर्यंतच ट्रक लागतो, म्हणजे खेप आखूड आणि भाडं त्या मानाने. तेलाचा भाव पडला तर पंप थांबतात. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी कच्चं तेल वायद्यात उणे ३७.६३ डॉलरवर गेलं होतं. पट्टा आणि पडलेला भाव दोन्हींत नोकरदार दुसरी नोकरी शोधतो, हप्तेवाला अडकतो.

नोकरी निवडताना ट्रेलर कुठला हे जरूर विचारा. डब्याची, म्हणजे बॉक्सची गाडी मिळाली तर ती घ्या: फोर्कलिफ्ट डबा उचलते, दुसरा रिकामा ठेवते, तुम्ही दहा-पंधरा मिनिटांत बाहेर. नळी नाही, ब्लोअर नाही, धूळ कमी. ओलसर वाळू वाहणारं काम असेल तर धूळ आणखी कमी. टाकीची, न्यूमॅटिक गाडी असेल तर हवेच्या दाबाने वाळू ढकलावी लागते. टाकीची मर्यादा बहुधा १५ पीएसआय (चौरस इंचाला पौंड), काम दहा ते चौदावर होतं. क्रम चुकवू नका: चार इंची नळी जोडून तिच्या जोडाच्या दोन्ही कानांना पिना लावायच्या, आधी हवा सुरू करून नळीचा मार्ग मोकळा आहे ना पाहायचं, टाकीत दाब चढू द्यायचा, मग एकेका खालच्या तोंडाची झडप थोडी थोडी उघडायची. झडप एकदम पूर्ण उघडली की नळी तुंबते. दाब अचानक चढला तर वाळू बंद, हवा चालू. ब्लोअर आणि टाकीमधली एकदिशा झडप गळकी असेल तर वाळू मागे येऊन ब्लोअर खाते. लीजच्या ट्रकवर ती दुरुस्ती तुमची, काही हजार डॉलरची. आणि दाब शून्यावर आल्याचं काट्यावर पाहून, दाब सोडायची झडप उघडी ठेवूनच नळी किंवा वरचं झाकण सोडायचं. दहा पीएसआय आकडा लहान वाटतो, पण वीस इंच व्यासाच्या झाकणावर तो तीन हजार पौंडांपेक्षा जास्त जोर लावतो. अशी झाकणं उडून माणसं मेली आहेत.

विहिरीवर जाताना छातीवर हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा मापक असला पाहिजे, १० पीपीएमला वाजणारा. सडक्या अंड्यासारखा वास येतो म्हणून नाकावर विसंबू नका. १०० पीपीएमच्या आसपास वासच कळेनासा होतो, आणि तेव्हाच तो जीवघेणा असतो. वाजला की वाऱ्याची दिशा पाहून वाऱ्याला आडवं आणि मग वाऱ्याच्या उलट दिशेला चालत सुटायचं, ट्रक तिथेच सोडून. या धंद्यात सगळ्यात जास्त माणसं मात्र विहिरीवर नाही, रस्त्यावर जातात. तेल-वायू उत्खननातल्या दर दहा मृत्यूंपैकी साधारण चार वाहन अपघातांचे. पेकोस ते कार्ल्सबॅडचा यूएस २८५ उगाच बदनाम नाही. चौदा दिवस काम करून त्याच रात्री केटीचे पाचशे मैल गाठायला निघू नका, ओडेसाला झोपून सकाळी निघा. कंपनी घरी जाण्यासाठी विमानाचं तिकीट देते का, हेही पगाराच्या बोलण्यातच विचारा.

आता तुमच्या पत्नीचा प्रश्न, आणि तो हप्त्यापेक्षा मोठा आहे. या वाळूची बारीक धूळ म्हणजे स्फटिकरूप सिलिका. ती डोळ्यांना दिसत नाही, फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस बरा करणारं औषध नाही. ओशाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने हवेच्या घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे. २५ च्या वर वर्षातून ३० दिवस काम पडलं तर मालकाने स्वखर्चाने सुरुवातीला छातीचा एक्स-रे, फुप्फुसांची क्षमता आणि क्षयरोगाची तपासणी, आणि मग दर तीन वर्षांनी क्षयरोग सोडून बाकीची तपासणी करून द्यायची असते. हा नियम नोकरासाठी आहे. १०९९ वाल्याला ही तपासणी कुणी देत नाही. मास्क एनआयओएसएच या संघीय संस्थेचा शिक्का असलेला हवा आणि चेहऱ्यावर बसतो की नाही याची चाचणी मालकाने घेतलेली हवी. दाढी असेल तर तो बसतच नाही. वाळू उपसताना वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहा, झाकणांजवळ रेंगाळू नका, रांगेत काचा बंद ठेवा, केबिनचा एअर फिल्टर वेळेआधी बदला.

सिलिकाची धूळ झेलणाऱ्याला क्षयाचा धोका जास्त असतो, त्यामुळे काम सुरू करण्याआधीच आपल्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्या. भारतात लहानपणी बीसीजी टोचलेल्यांची त्वचेवरची चाचणी उगाच होकारात्मक येऊ शकते, म्हणून रक्ताची, आयजीआरए नावाची चाचणी मागा. पहिला एक्स-रे आणि फुंकर चाचणीचा कागद घरी जपून ठेवा. दहा वर्षांनी तुलना करायला तोच लागेल. कामाचे कपडे हवेच्या नळीने झटकू नका. खोलीवरच बदलून पिशवीत बांधा, तिथल्याच मशीनला वेगळे धुवा, आणि बूट केटीच्या घरात नेऊ नका.